चोर धरा, माग सील करू नका

आबा सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत जकार्डची कार्डं पंच करायचे. ग्राफ पेपरवर रंगवलेला मोर समोर टांगलेला असायचा. ते एकेक चौकोन बोटानं मोजत पुठ्ठ्यात भोकं पाडत जायचे. भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यात ओवून मागावर चढवली की चादरीवर मोर उतरायचा. मी आज एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवते आणि दरवर्षी पहिल्या तासाला आबांचं एक जुनं कार्ड वर्गात फिरवते. भोक म्हणजे एक, कोरा पुठ्ठा म्हणजे शून्य. यंत्रमाग कामगारांची मुलं ते कार्ड हातात घेतात तेव्हा त्यांना हा विषय परका वाटत नाही.

जकार्ड हा माणूस फ्रान्समधल्या लिओंचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं हा माग सिद्ध केला. तिथल्या राज्यकर्त्यांनी पुढं काय केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी हे यंत्र सार्वजनिक मालकीचं जाहीर केलं, आणि त्याच वेळी जकार्डला निवृत्तिवेतन व बसेल त्या प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम लावून दिली. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे अकरा हजार माग फिरू लागले. त्या कार्डांची कल्पना इंग्रज गणितज्ञ बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. पुढं अमेरिकेतल्या हॉलरिथ या संशोधकानं भोकं पाडलेल्या कार्डांवर १८९० ची अमेरिकेची जनगणना मोजून दाखवली. ज्यानं घडवलं त्याला मोबदला मिळाला, आणि ज्याला त्यावर पुढचं काही घडवायचं होतं त्याची वाटही मोकळी राहिली. पायरसी रोखण्याच्या नावाखाली गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडे जे कायदे आणि जे आदेश आले, त्यांच्यात या दोनपैकी दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला आहे. माझा विरोध आहे तो यासाठी.

चोरीचं दुःख सोलापूरला कुणी शिकवायला नको. सोलापुरी चादरीला आणि टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतकडे विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर विकली जाते. गावातल्या गावातही तेच चालतं. दिवाळीला एकानं नवं डिझाइन काढलं की पंधरवड्यात ते दुसऱ्याच्या मागावर दिसतं. आबांच्या खोलीत यावरून झालेली भांडणं मी लहानपणी ऐकली आहेत. आजचं पाहायचं तर माझ्या ओळखीच्या एका लेखकाची हजार प्रतींची आवृत्ती निघाली. पुस्तक बाजारात येऊन महिना व्हायच्या आत त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागली. चार वर्षांच्या कष्टाची फाइल अनोळखी माणसं ‘धन्यवाद सर’ म्हणत एकमेकांना पाठवत होती. त्या लेखकाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मराठी चित्रपटाच्या निर्मात्याला पहिले तीन दिवस मिळाले नाहीत तर त्याचं घर गहाण पडतं, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा पायरसीला किरकोळ समजणाऱ्यांच्या रांगेत मला कुणी उभं करू नये.

पण नकली चादरी टेम्पोतून येतात म्हणून पुणे रस्ता बंद करा, असं इथल्या कुठल्या कारखानदारानं कधी म्हटलं नाही. इंटरनेटवर नेमकं तेच केलं जातं.

मे २०१२ मध्ये मी ते पहिल्यांदा अनुभवलं. माझ्या विद्यार्थ्यांनी डॉबी मागावर सेन्सर बसवून ताणा तुटला की माग आपोआप थांबेल, अशी जोडणी केली होती. तिचं चित्रीकरण त्यांनी विमिओ या व्हिडिओच्या संकेतस्थळावर ठेवलं होतं, आणि त्याचा कोड पेस्टबिन या मजकूर ठेवायच्या स्थळावर. परीक्षक आले, पान उघडलं, तर न्यायालयाच्या आदेशानं हे संकेतस्थळ बंद केल्याची एक ओळ पडद्यावर. कुठलं न्यायालय, कुठला खटला, दाद कुणाकडे मागायची, काहीच नाही. मुलं घाबरून माझ्याकडे पाहू लागली, जणू त्यांनीच काही गुन्हा केला आहे. पुढं कळलं ते असं. दोन दाक्षिणात्य चित्रपटांच्या वतीनं मद्रास उच्च न्यायालयातून ‘अशोक कुमार’ आदेश घेतला गेला होता. अनोळखी आरोपीला आपली न्यायालयं हे नाव देतात. सेवापुरवठादारांनी त्या आदेशाचा अर्थ असा लावला की चोरीच्या प्रतींसाठी कुप्रसिद्ध पायरेट बे बरोबर विमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन सगळंच बंद. जूनमध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की फक्त चित्रपट जिथं ठेवला आहे तो नेमका पत्ता बंद करायचा, अख्खं स्थळ नाही. तोवर माझ्या मुलांची तोंडी परीक्षा होऊन गेली होती.

एकदा झालं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयापुढे बंद करायच्या ४७२ स्थळांची यादी गेली, आणि तिच्यात गुगल डॉक्सही होतं. नंतर ती यादी २१९ वर आली. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांसाठी अडीच हजारांहून अधिक पत्ते बंद करण्याचा आदेश निघाला. त्यात इंटरनेट अर्काइव्ह सापडलं. हे जगातल्या सर्वांत मोठ्या खुल्या ग्रंथागारांपैकी एक. भारतातल्या ग्रंथालयांतून स्कॅन झालेली, हक्काची मुदत केव्हाच संपलेली हजारो जुनी मराठी पुस्तकं तिथं आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं, हा आपलाच कायदा. सोलापुरात बसून शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक वाचायचं तर हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या कपाटात ते असेल तर असेल, नाही तर हे अर्काइव्ह. सिनेमासाठी ते कपाट पूर्वसूचना न देता बंद झालं. मराठीवर संशोधन करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीनं त्या आठवड्यात मला तीनदा फोन केला. तिला वाटत होतं की तिचाच संगणक बिघडला आहे.

परदेशातही हेच. इटलीनं २०२४ मध्ये ‘पायरसी शील्ड’ सुरू केली. तक्रार आली की तीस मिनिटांत पत्ता बंद करायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिनं गुगल ड्राइव्हच अडवून टाकलं. स्पेनमध्ये २०२५ पासून फुटबॉल सामन्यांच्या दिवशी असंख्य संकेतस्थळांना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचे पत्ते अडवले जातात आणि त्याच पत्त्यांवर असलेली, फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेली दुकानं बंद पडतात. यात यंत्रणेचा दोष म्हणण्यासारखं काही नाही. अर्ध्या तासात निर्णय घ्यायला सांगितलं तर माणूस विचार करणार कधी?

आपल्याकडे एका न्यायमूर्तींनी असा विचार केला होता. जुलै २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी स्थळांची लांबलचक यादी दिली, तेव्हा न्या. गौतम पटेल यांनी अख्खी स्थळं बंद करायला नकार दिला. पत्तान् पत्ता तपासून आणा, म्हणाले. बंद पानावर खटल्याचा तपशील द्या आणि ज्याचं नुकसान झालं त्यानं कुठं जायचं तेही लिहा, असंही सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद स्थळ उघडलं की ‘पाहिल्यास तीन वर्षं कैद’ अशा आशयाची सूचना लोकांना दिसत होती आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या छातीत धडकी भरली होती. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, परवानगीविना वितरण आणि सार्वजनिक प्रदर्शन हा गुन्हा आहे, हेही न्या. पटेल यांनीच स्पष्ट केलं. मी तो आदेश वर्गात वाचून दाखवला होता. पण ही वाट पुढं रुळली नाही. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘डायनॅमिक’ आदेशाची पद्धत आणली. त्यात एकदा आदेश मिळाला की नवे पत्ते निबंधकापुढे अर्ज करून जोडत जायचे. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं अजून तयारही न झालेल्या कलाकृतींना हे संरक्षण दिलं. जी चादर अजून मागावर चढलेली नाही, तिच्या चोरीसाठी आज रस्ता अडवायचा, असा त्याचा अर्थ होतो.

आता शिक्षेकडे पाहू. कॉपीराइट कायद्याचं ६३ वं कलम सहा महिने ते तीन वर्षं कैद सांगतं. ६४ व्या कलमानुसार फौजदारापासून वरचा कुठलाही पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनं चित्रपटाच्या चोरीला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवला. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रानं बारा नोडल अधिकारी नेमले. तक्रार आली की ४८ तासांत ते मजकूर बंद करायला लावू शकतात, न्यायालयात जाण्याची गरज नाही.

आणि महाराष्ट्राचं स्वतःचं एक पान आहे, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ‘एमपीडीए’ हे अक्षर सोलापूरच्या वर्तमानपत्रात आठवड्याला एकदा तरी दिसतं: अमुक गुंड स्थानबद्ध, येरवड्याला रवानगी. १९८१ चा हा कायदा मुळात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी होता; धोकादायक व्यक्ती त्यात नंतर आल्या. २००९ मध्ये त्याच रांगेत व्हिडिओ पायरेट बसवला गेला. म्हणजे खटला न चालवता, पोलीस आयुक्तांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं, त्याला वर्षभरापर्यंत आत ठेवता येतं. हातभट्टीच्या दारूनं माणसं आंधळी होतात, मरतात. नवी पेठेच्या फुटपाथवर सीडी विकणाऱ्या पोराला त्या मापानं मोजणं मला पटत नाही, कितीही विचार केला तरी. त्याच्यावर खटला भरा, दंड करा, माल जाळा. पण खटल्याशिवाय कैद ही वस्तू लोकशाहीत शेवटच्या कपाटात कुलूपबंद असायला हवी, आणि आपण ती सिनेमाच्या तिकीटबारीसाठी बाहेर काढली.

यावर कुणी म्हणेल, प्रामाणिक माणसाला याची भीती कशाला? याचं उत्तर मला माझ्याच एका विद्यार्थ्यानं दिलं.

त्याच्या वडिलांकडे चार इलेक्ट्रॉनिक जकार्ड माग. डिझाइनचं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी ते डोंगलला, म्हणजे संगणकाला जोडायच्या चावीला जखडलेलं, आणि फाइल अशा साच्यातली की दुसऱ्या कशातच उघडत नाही. डोंगल जळालं. बदलून मिळायला महिना लागेल आणि एवढे पैसे पडतील, असं सांगितलं गेलं. वीस वर्षांची स्वतःची डिझाइनं, स्वतःच्या माणसांनी काढलेली, आणि ती स्वतःलाच उघडता येत नाहीत. पोरानं दोन महिने रात्री बसून त्या फाइलची रचना उलगडली आणि ती कुठल्याही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडेल असं छोटं साधन लिहिलं. शेजारच्या तीन कारखानदारांनी मागितलं. त्यानं फुकट दिलं. मग त्या विक्रेत्याचं पत्र आलं. त्यात कॉपीराइट, फौजदारी कारवाई, जप्ती असे सगळे शब्द होते. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “बाई, पोरगं हुशार आहे, पण दारात पोलीस आला तर धाकटीचं लग्न मोडेल. त्याला सांगा, पुसून टाक म्हणून.”

मी त्यांना कायदा समजावला. आपल्या कायद्याचं ५२ वं कलम सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढायला मुभा देतं. २०१२ मध्ये डिजिटल कुलपं तोडण्याविरुद्ध आलेलं ६५-अ कलमसुद्धा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याइतकं आंधळं नाही. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढायला ते हरकत घेत नाही. पण दुसऱ्याला त्यासाठी मदत करायची तर त्याचं नाव, पत्ता, कारण, सगळं लिहून ठेवावं लागतं, आणि चुकलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध ६० व्या कलमाखाली दाद मागता येते, हेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “वकिलाला किती लागतील?” दुसऱ्या दिवशी पोरानं ते साधन पुसलं. आज तो हिंजवडीत नोकरी करतो. त्याच्यावर खटला झाला नाही, निकाल लागला नाही, त्यामुळे कुठल्याही सरकारी आकडेवारीत हे नुकसान कधी येणार नाही. सोलापूरला एक उद्योग मिळाला असता, एवढं मला माहीत आहे.

शिक्षेच्या तरतुदी तोलताना संसदेत मोठ्या चोराचं चित्र डोळ्यांपुढं असतं. मोठ्या चोराचा सर्व्हर परदेशात असतो आणि तो रोज नाव बदलतो. कायद्याचा धाक पोचतो तो जकार्डवाल्याच्या पोरापर्यंत.

स्वतःचं काही सुरू करू पाहणाऱ्याचंही तेच. समजा एखाद्यानं विणकरांनी आपापली डिझाइनं टाकावीत, दुसऱ्यांनी पाहून विकत घ्यावीत, असा मंच काढला. कुणी तक्रार केली की नियमानुसार ३६ तासांत ते डिझाइन उतरवायचं आणि न्यायालयाचा आदेश आला नाही तरी २१ दिवस खाली ठेवायचं. ज्यानं ते टाकलं, त्याला ‘हे माझंच आहे’ असं सांगायची सोय भारतीय नियमांत नाही. ती अमेरिकेच्या कायद्यात आहे. ऐन दिवाळीआधी प्रतिस्पर्ध्यानं खोटी तक्रार केली तर २१ दिवसांत हंगाम संपतो. २०११ मध्ये तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं मायस्पेस या समाजमाध्यमाला वापरकर्त्यांच्या गाण्यांसाठी जबाबदार धरलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानं ते फिरवलं आणि म्हटलं की नेमक्या मजकुराची प्रत्यक्ष माहिती असल्याशिवाय जबाबदारी येत नाही. मायस्पेसला इतकी वर्षं लढायला वकील परवडले. आमच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कुणाला ते परवडतील?

तंत्र आलं की आधीचा धंदा घाबरतो, हेही जुनंच आहे. १९८२ मध्ये हॉलीवूडच्या प्रतिनिधीनं अमेरिकी संसदेत व्हिडिओ रेकॉर्डरची तुलना एका कुप्रसिद्ध खुन्याशी केली. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निकालानं ते यंत्र वाचवलं, आणि पुढची कैक वर्षं हॉलीवूडनं व्हिडिओ कॅसेटवरच बख्खळ पैसा कमावला. एका न्यायमूर्तीचं मत इकडचं तिकडं झालं असतं तर? आपल्याकडे २००७ मध्ये मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली. माझ्या घरात तेव्हा पहिल्यांदा अस्सल डिस्क आल्या. चोरीची त्याहून फारशी स्वस्त मिळत नव्हती. इतकी वर्षं धाडींनी जे साधलं नव्हतं ते त्या किमतीनं आमच्या गल्लीत साधलं.

पुस्तकांचा आणि ज्ञानाचा प्रश्न मला याहून जवळचा आहे. तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला, तेव्हा १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी अभ्यासासाठीच्या प्रती बेकायदा नाहीत असा निकाल दिला. कॉपीराइट हा ईश्वरदत्त वा नैसर्गिक हक्क नाही, असंही त्यांनी म्हटलं. तो निकाल वाचून मला आमच्या सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सवाल्याला पेढे द्यावेसे वाटले होते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शोधनिबंध फुकट देणारं साय-हब हे संकेतस्थळ बंद करायला लावलं. एका शोधनिबंधाला तीनेक हजार रुपये मोजावे लागतात. तो लिहिणाऱ्या प्राध्यापकाला त्यातला रुपया मिळत नाही, तपासणाऱ्यालाही मिळत नाही. मग चोरी कुणाची झाली? सरकारनं ६,००० कोटींची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आणली, ही चांगलीच गोष्ट. ती सरकारी संस्थांसाठी आहे. आमचं महाविद्यालय खासगी, तिथली मुलं विणकरांची. त्यांच्या वाट्याला बंद पान आलं.

लोकांनी आवाज उठवला तर फरक पडतो. १८ जानेवारी २०१२ ला विकिपीडियानं इंग्रजी आवृत्ती एक दिवस काळी ठेवली आणि दोन दिवसांत अमेरिकेचं ‘सोपा’ हे पायरसीविरोधी विधेयक बाजूला पडलं. त्याच वर्षी ४ जुलैला युरोपच्या संसदेनं ‘अॅक्टा’ हा नकली माल व पायरसीविरोधी आंतरराष्ट्रीय करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. आपली सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात गदारोळात मंजूर झाली. यंत्रमागावरच्या विजेच्या दरासाठी सोलापूर रस्त्यावर उतरतं, जीएसटीसाठी उतरतं. या कायद्यासाठी कुणी एक पत्रक काढलं नाही, कारण तो मुंबईच्या सिनेमावाल्यांचा विषय वाटला. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मला हवं आहे ते फार नाही. पत्ता बंद करा, पण नेमका. बंद पानावर खटल्याचा क्रमांक आणि दाद मागायची जागा मराठीतसुद्धा लिहा. बंद केलेल्या पत्त्यांची यादी कुणालाही पाहता येईल अशी ठेवा. ज्याचा मजकूर उतरवला त्याला २१ दिवस संपायच्या आत उत्तर देऊ द्या, आणि खोटी तक्रार करणाऱ्याकडून नुकसानभरपाई घ्या. नफ्यासाठी केलेल्या मोठ्या चोरीलाच कैद असू द्या, बाकीच्यांना दंड पुरे. एमपीडीएतून व्हिडिओ पायरेट हा शब्द काढायला तर दिल्लीला जायचीही गरज नाही. तो विधिमंडळानं घातला आहे, विधिमंडळच काढू शकतं. सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून मुंबईला आमदार जातात. त्यांच्यातल्या प्रत्येकाला मी या महिन्यात पत्र लिहिणार आहे, आणि सोबत त्या पोराच्या चार मागांची हकिगत जोडणार आहे.